अभिनयाचे एकक : अमेरिकन सोप ऑपेरातील श्रेष्ठ अभिनेत्रींचा वाद

२१ मे १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या ‘डेटाइम एमी’ पुरस्कारांच्या समारंभात प्रमुख अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी सुसान लूची यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले आणि कित्येक मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत. ‘ऑल माय चिल्ड्रन’ या मालिकेतील एरिका केनची भूमिका लूची १९७० पासून करीत होत्या. १९७८ मध्ये त्यांना पहिले नामांकन मिळाले आणि त्यानंतर एकूण अठरा वेळा त्या रिकाम्या हाताने परतल्या. एकोणिसाव्या खेपेस पुरस्कार मिळाला. त्याच काळात ‘वन लाइफ टु लिव्ह’मध्ये व्हिक्टोरिया लॉर्डची भूमिका करणाऱ्या एरिका स्लेझॅक यांना हाच पुरस्कार पाच वेळा मिळून गेला होता (१९८४, १९८६, १९९२, १९९५, १९९६), सहावा २००५ मध्ये मिळावयाचा होता. एका अभिनेत्रीचे नाव दुसरीच्या पात्राला असावे, या योगायोगामुळे वादात नवख्याचा गोंधळ उडतो. म्हणून येथे यापुढे अभिनेत्रींचा उल्लेख आडनावाने आणि पात्रांचा पहिल्या नावाने केला आहे.

दुपारच्या मालिकांच्या चाहत्यांत ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हा वाद अनेक दशके चालत आला आहे आणि बहुधा तो याच दोन नावांभोवती फिरतो. एक बाजू पुरस्कारांची संख्या पुढे करते, दुसरी लोकप्रियता. वाद या पातळीवर राहिला तर समीक्षेला त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. परंतु १९९९ च्या त्या टाळ्यांकडे जरा थांबून पाहिले की एक निराळाच प्रश्न उभा राहतो. ‘एमी’ची निवड कलावंताने स्वतः निवडून पाठविलेल्या मोजक्या भागांच्या आधारे, व्यवसायबंधूंच्या परीक्षणातून होत असे. म्हणजे पुरस्कार एका-दोन दिवसांच्या कामाला होता. टाळ्या मात्र एकोणतीस वर्षांच्या कामाला पडल्या. निर्णय आणि प्रतिसाद यांचा विषयच एक नव्हता. अभिनयाचे मूल्यमापन करताना आपण नेमके काय मोजतो, त्याचे एकक कोणते, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न येथे इतक्या उघड्या स्वरूपात पुढे येतो की, एरव्ही उपेक्षित राहिलेल्या या कलाप्रकाराकडे वळणे भाग पडावे.

उपेक्षेचा इतिहास सर्वपरिचित आहे. तो थोडक्यात सांगितला तरी पुरे. १९३० मध्ये शिकागोच्या आकाशवाणी केंद्रावर अर्ना फिलिप्स यांनी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोजची कौटुंबिक श्रुतिका सुरू केली. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या गृहिणीपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग साबणाच्या कारखानदारांना फार सोयीचा वाटला, आणि त्यांच्या आश्रयावरून या प्रकाराला चेष्टेने ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. फिलिप्स यांचीच ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये आकाशवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली. एकाच कथानकाचा हा बहात्तर वर्षांचा प्रवास आहे. भारतीय प्रेक्षकाला या जगाची ओळख नव्वदच्या दशकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्यांवरून ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ या मालिकांमुळे झाली. पुढे १९९४ मध्ये दूरदर्शनने दुपारच्या वेळी ‘शांती’ सुरू केली, तिच्यामागेही हेच प्रारूप होते. आपल्याकडील समीक्षेने त्या वेळी या साऱ्याची दखल संस्कृतीवरील संकट म्हणून घेतली, प्रयोगकला म्हणून क्वचितच.

अमेरिकन विद्यापीठांतून मात्र १९८० च्या आसपास या प्रकाराचा गंभीर विचार सुरू झाला होता. तानिया मॉडलेस्की यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, सोप ऑपेराला शेवट नसणे हा दोष नसून त्याचे रचनातत्त्व आहे. त्याची प्रेक्षक एखाद्या आदर्श मातेसारखी असते, सर्वांच्या बाजू समजून घेणारी, कोणाचाच पूर्ण निषेध न करू शकणारी. अशा प्रेक्षकाच्या मनातील दडपलेली कृतिशीलता खलनायिकेत प्रकट होते. म्हणून ती तिचा द्वेषही करते आणि तिच्याकडे ओढलीही जाते. रॉबर्ट ॲलन यांनी १९८५ मध्ये या विवेचनाला संरचनावादी बैठक दिली. घटनांच्या क्रमाच्या अक्षावर सोप ऑपेरा अत्यंत दरिद्री आहे, तीच बातमी पाच पात्रे पाच दिवस एकमेकांना सांगत राहतात. पण पात्रांच्या परस्परसंबंधांच्या अक्षावर तो विलक्षण समृद्ध आहे. कारण तीच बातमी कोणी कोणाला सांगितली यावर तिचा अर्थ बदलतो, आणि तो बदल ज्याला या संबंधांचा जुना इतिहास ठाऊक आहे त्यालाच कळतो.

दोन्ही विवेचने मूलगामी आहेत. तरी दोहोंत एक रिकामी जागा राहून जाते, आणि ती नटाची आहे. मॉडलेस्की यांच्या मांडणीत खलनायिका हे एक कार्य आहे. ते कोणी पार पाडले हे महत्त्वाचे नाही. ॲलन यांच्या मांडणीत पात्र हा जाळ्यातील एक बिंदू आहे. संहितेच्या सिद्धान्ताकडून याहून वेगळी अपेक्षा करता येणार नाही, हे खरे. पण सोप ऑपेराची संहिता हीच मुळी अस्थिर वस्तू आहे. लेखक बदलतात, निर्माते बदलतात, पाचशे भागांपूर्वी काय घडले याचा लेखनकक्षाला विसर पडतो. ज्याला विसर पडत नाही असे या व्यवस्थेत दोघेच असतात : प्रेक्षक, आणि ती भूमिका वर्षानुवर्षे करीत आलेली अभिनेत्री.

हे विधान एरिकाच्या उदाहरणावरून तपासता येते. ॲग्नेस निक्सन यांनी निर्माण केलेल्या पाइन व्हॅली या काल्पनिक गावात एरिका अवतरली ती शाळकरी, हट्टी, इतरांच्या सुखात बिब्बा घालणारी मुलगी म्हणून. रचनेच्या दृष्टीने ती मॉडलेस्की यांची खलनायिकाच होती. १९७३ मध्ये, गर्भपात कायदेशीर ठरल्याच्या वर्षीच, एरिकाने आपल्या पतीला न सांगता गर्भपात करून घेतला. अमेरिकन दुपारच्या मालिकांतील हा पहिला कायदेशीर गर्भपात होय. तिचे कारण व्यावहारिक आणि स्वार्थी होते, तिला मॉडेल म्हणून मिळालेली संधी सोडावयाची नव्हती. कथानकाने तिला शिक्षा म्हणून आजार दिला खरा, पण तिचा निर्णय मागे घेतला नाही. पुढे खलनायिकेचे कार्य एरिकाच्या अंगावरून हळूहळू गळून पडले. ती आई झाली, मुलीशी भांडणारी आई झाली, १९९४ मध्ये आईला मुकलेली लेक झाली. तिची आई मोना हिची भूमिका पहिल्यापासून करणाऱ्या फ्रान्सिस हेफ्लिन त्याच वर्षी निधन पावल्या, आणि मालिकेने मोनालाही मरण दिले. चोवीस वर्षे समोर उभ्या असलेल्या सहकलावंताच्या मृत्यूवर रडणे आणि पात्राच्या आईच्या मृत्यूवर रडणे यांतील सीमारेषा येथे शोधता येत नाही. नटाने भावना अनुभवू नये, केवळ तिची चिन्हे निर्माण करावीत, हा दिदरोचा प्रसिद्ध विरोधाभास या प्रसंगी लागू पडतो की नाही हे ठरविण्याचे साधनच प्रेक्षकाच्या हाती राहत नाही.

आणि मग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मालिकेच्या लेखकांनी असे उघड केले की, १९७३ चा तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने गर्भ काढून दुसऱ्या स्त्रीच्या उदरात रुजविला होता, आणि एरिकाचा तो मुलगा आता तरुण होऊन गावात आला होता. वैद्यकशास्त्राची गोष्ट सोडून दिली तरी ही घटना संहितेने स्वतःच्या इतिहासाशी केलेला द्रोह होती, आणि तो द्रोह राजकीयही होता. एका स्त्रीने घेतलेला निर्णय तीन दशकांनंतर तिच्या हातून काढून घेतला गेला. जुन्या प्रेक्षकांनी हा बदल मनापासून कधीच स्वीकारला नाही. हा नकार संहितेच्या नावाने दिला गेला नव्हता, कारण संहिता आता उलटच सांगत होती. तो लूची यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षे साचत आलेल्या एरिकाच्या नावाने दिला गेला होता. अधिकृत इतिहास आणि देहस्थ स्मृती यांचा असा उघड संघर्ष नाट्यगृहात किंवा चित्रपटात घडू शकत नाही.

मग लूची यांचे श्रेष्ठत्व मान्य करून वाद मिटवावा काय? तसे करणे घाईचे ठरेल. लूची यांच्या अभिनयाची एक मर्यादा सहानुभूती असलेल्या प्रेक्षकालाही जाणवते. एरिका नेहमीच आपण पाहिली जात आहोत या भानात वावरते. तिच्या रडण्यातही एक आरसा असतो. पात्राच्या दृष्टीने हे योग्य आहे, एरिका आहेच तशी. परंतु निवडलेल्या एका भागावरून निर्णय करणाऱ्या परीक्षकाला हे भान पात्राचे की अभिनेत्रीचे, हे कसे कळावे? तो भेद करण्यासाठी मागची पंचवीस वर्षे पाठीशी हवीत. अठरा पराभवांचे हे एकमेव स्पष्टीकरण नसेल. पण ज्या मापाने लूची यांना मोजले गेले, त्या मापात त्यांचे काम मावत नव्हते, इतके निश्चित म्हणता येते. जॉन एलिस यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने ‘तारका’ निर्माण करीत नाही. तारकेला आवश्यक असलेली दुर्लभता या माध्यमात नाही, येथे असतात ती केवळ परिचित व्यक्तिमत्त्वे. लूची यांचे उदाहरण या सिद्धान्ताला छेद देते. आठवड्यातून पाच दिवस, दुपारी, घरातल्या घरात भेटणारी स्त्री तारका होऊ शकते. मात्र तिचे तेज दूरत्वातून येत नाही, ते अतिपरिचयातून येते. अतिपरिचयात अवज्ञा होते हे सुभाषित येथे उलटे होते.

स्लेझॅक यांची घडण याच्या अगदी विरुद्ध आहे. आजोबा लिओ स्लेझॅक युरोपातील नामवंत ऑपेरा गायक, वडील वॉल्टर स्लेझॅक रंगभूमी आणि चित्रपटांतील नट, स्वतःचे शिक्षण लंडनच्या ‘रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या संस्थेत. १९७१ मध्ये त्या व्हिकीच्या भूमिकेत आल्या, त्या तिसऱ्या. त्यांच्यापूर्वी गिलियन स्पेन्सर आणि जोन व्हॅन आर्क यांनी ती भूमिका केली होती. सोप ऑपेरात हा प्रकार नित्याचा आहे. एके दिवशी निवेदकाचा आवाज सांगतो की अमुक पात्राची भूमिका आजपासून तमुक करतील, आणि तेच घर, तोच नवरा, तेच दुःख एका नव्या चेहऱ्याकडे सोपविले जाते. जॉन टॉम्सन यांनी १९७८ मध्ये चित्रपटातील अभिनयाच्या विश्लेषणासाठी भाषाविज्ञानातील पर्यायी-स्थापनेची कसोटी सुचविली होती : एका नटाच्या जागी मनाने दुसरा ठेवून पाहावा आणि अर्थात कोणता फरक पडतो ते नोंदवावे. टॉम्सन यांना जो प्रयोग कल्पनेत करावा लागला, तो सोप ऑपेरा दर काही महिन्यांनी प्रत्यक्षात करून दाखवितो. एरिकाच्या बाबतीत ही कसोटी एकदाही लावली गेली नाही. व्हिकीच्या बाबतीत ती दोनदा लागली आणि मग कायमची थांबली. स्लेझॅक यांच्यानंतर चौथी व्हिकी शोधण्याची गरज मालिकेला २०१२ पर्यंत भासली नाही.

स्लेझॅक यांच्या अभिनयाचे मर्म बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. सोप ऑपेराच्या व्याकरणात याला फार मोठे स्थान आहे. प्रसंग संपताना कॅमेरा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि जाहिरात सुरू होईपर्यंत तेथेच थांबतो. हे क्षण नटाला संवादावाचून, हालचालीवाचून निभवावे लागतात. सामान्य नट तेथे प्रश्नचिन्ह होतो; डोळे विस्फारतो, श्वास रोखतो आणि प्रेक्षकाला पुढील भागाकडे ढकलतो. स्लेझॅक यांची व्हिकी या क्षणी बहुधा मागे जाते. तिने ऐकलेली गोष्ट तिला आधीची कोणती गोष्ट आठवून देत आहे, याचा विचार करणारा तो चेहरा असतो.

१९७९ मधील न्यायालयाचा प्रसंग दुपारच्या मालिकांतील अभिनयाचा परमोच्च बिंदू म्हणून नेहमी सांगितला जातो. व्हिकीवर खुनाचा खटला चालू आहे. तिला वाचविण्यासाठी कॅरन वोलेक ही प्रतिष्ठित डॉक्टरची पत्नी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि उलटतपासणीच्या भडिमाराखाली आपण चोरून वेश्याव्यवसाय करीत होतो, हे भर न्यायालयात कबूल करते. कॅरनच्या भूमिकेतील ज्युडिथ लाइट यांना १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तो प्रसंग आजही संदर्भावाचून पाहता येतो आणि प्रेक्षकाला हलवून सोडतो. एका भागाच्या एककात श्रेष्ठत्व मोजावयाचे तर त्याहून मोठे उदाहरण नाही. लाइट १९८३ मध्ये मालिका सोडून गेल्या. पुढे रंगभूमीवर त्यांना दोनदा ‘टोनी’ पुरस्कार मिळाला. त्यांचे सामर्थ्य मुळातच सोप ऑपेरावर अवलंबून नव्हते, आणि म्हणूनच त्यांना या प्रकाराची श्रेष्ठ अभिनेत्री म्हणताना मन कचरते. त्या प्रसंगात आरोपीच्या जागी व्हिकी आहे. कबुलीने जिचे प्राण वाचावयाचे आहेत तिला ती कबुली मुकाट्याने ऐकून घ्यावी लागते. कॅरनचा उद्रेक एका दिवसाचा आहे. व्हिकीचे ऐकणे पुढे आणखी तेहतीस वर्षे चालणार आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास लेखकांनी व्हिकीच्या भूतकाळातही एक नवी गोष्ट घातली. तिच्या व्यक्तिमत्त्वाचे विभाजन, निकी स्मिथ या नावाने तिच्यातून डोकावणारी दुसरी बेछूट स्त्री, हे सूत्र मालिकेच्या आरंभापासूनचे होते. आता त्याचे मूळ वडिलांनी बालपणी केलेल्या लैंगिक अत्याचारात दाखविण्यात आले. तत्त्वतः ही क्रिया एरिकाच्या गर्भपातावर झालेल्या क्रियेसारखीच आहे. दोन्हींत संहिता आपला भूतकाळ नव्याने लिहिते. परंतु प्रेक्षकाने पहिली क्रिया नाकारली आणि दुसरी, जणू ती आपल्याला आधीच ठाऊक होती अशा रीतीने, स्वीकारली. याचे श्रेय लेखनाच्या चातुर्याला अंशतः जाईल. पण वडिलांचे नाव निघताच व्हिकीच्या आवाजात येणारा अतिरिक्त आदर, घराण्याच्या प्रतिष्ठेला तिचे घट्ट धरून राहणे, हे स्लेझॅक यांनी वीस-पंचवीस वर्षे इतक्या सातत्याने सांभाळले होते की, नवा अर्थ बसण्यास तेथे जागा तयार होती. संहितेने उशिरा लिहिलेले कारण अभिनयाने आधीच दिलेल्या परिणामाला येऊन मिळाले. लूची आणि स्लेझॅक यांच्यात निवड करणे अटळच असेल तर ती या ठिकाणी स्लेझॅक यांच्या बाजूने करावी लागते. पुरस्कारांची संख्या हे त्याचे कारण नव्हे. एका दिवसाच्या मापात आणि चाळीस वर्षांच्या मापात, दोन्हींत ज्यांचे काम उभे राहते अशा त्याच आहेत.

काळाच्या या मापाचा आणखी एक पैलू आहे आणि तो शरीराशी निगडित आहे. मराठी रंगभूमीचा अनुभव येथे विरोधाने उपयोगी पडतो. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. नटाचे वय वाढत गेले, पण भामिनी आणि सिंधू यांचे वय संहितेत गोठलेले होते आणि प्रेक्षक त्या दोहोंतील अंतर आपल्या भक्तीने भरून काढीत असे. सोप ऑपेरात हे अंतरच नाही. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’च्या १९५६ मधील पहिल्या भागातील पहिले वाक्य नॅन्सी ह्यूजच्या भूमिकेत हेलन वॅग्नर यांनी उच्चारले, २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत, मधले थोडेफार खंड वगळता, त्याच नॅन्सी होत्या. मालिका त्यांच्यानंतर साडेचार महिन्यांनी संपली. ‘गायडिंग लाइट’मधील बर्ट बाउअरची भूमिका करणाऱ्या कॅरिटा बाउअर यांचा पाय १९८४ मध्ये कापावा लागला, तेव्हा बर्टचाही पाय गेला आणि कृत्रिम पायाने चालावयास शिकणे हे कथानक झाले. त्याच वर्षी ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधील जीन कूपर यांनी चेहऱ्यावरील सुरकुत्या काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिचे प्रत्यक्ष चित्रण कॅथरीन चॅन्सलरच्या कथेत वापरले गेले. अभिनेत्रीचे कातडे आणि पात्राचे कातडे एकाच सुरीने कापले गेले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. याउलट आयलीन फुल्टन यांनी आपल्या लिसाला आजी करू नये, अशी अट करारातच घालून घेतली होती. त्या अटीची पुष्कळ थट्टा झाली आहे. पण या व्यवसायात काळ हा केवळ सौंदर्यतत्त्व नसतो, स्त्रीच्या पोटावर येणारी गोष्ट असतो, हे फुल्टन यांना जितके स्पष्ट कळले होते तितके सिद्धान्तकारांना कळले होते काय, याची शंका येते.

येथवरचे विवेचन कालावधीला श्रेष्ठत्वाचा निकष मानण्याकडे झुकते, आणि नेमक्या याच जागी त्याला अडविले पाहिजे. कालावधी हा अभिनेत्रीचा गुण नाही. तो तिला दिला जातो, किंवा दिला जात नाही.

‘वन लाइफ टु लिव्ह’ १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत धाडसी कथानक व्हिकीचे नव्हते, कार्लाचे होते. कार्ला ही इटालियन वंशाची गोरी अभिनेत्री म्हणून गावात येते, एका गोऱ्या डॉक्टरशी तिचा विवाह ठरतो. मग काही महिन्यांनी कळते की, रुग्णालयात काम करणाऱ्या सेडी ग्रे या कृष्णवर्णीय बाईची ती मुलगी आहे. ही भूमिका एलन हॉली यांनी केली. आपल्या फिकट वर्णामुळे कृष्णवर्णीय अभिनेत्रीला कोणत्याच बाजूच्या भूमिका मिळत नाहीत, या विषयावर त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेला लेख निक्सन यांच्या वाचनात आला आणि त्यातून त्यांची निवड झाली. दुपारच्या मालिकांत प्रमुख स्थान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री होत. त्या कथानकातील अभिनयाची अट विलक्षण होती. पहिले काही महिने प्रेक्षकाला सत्य ठाऊक नव्हते, अभिनेत्रीला होते. म्हणजे हॉली यांना एकाच वेळी दोन प्रेक्षकांसाठी अभिनय करावा लागत होता. एक आजचा, जो फसणार होता, आणि दुसरा उद्याचा, जो मागे वळून पाहणार होता आणि ज्याला मागील प्रत्येक संकोच, प्रत्येक घाईचे हसू नव्या अर्थाने वाचता यावयास हवे होते. काळाला अभिनयाचे साधन करण्याचे याहून शुद्ध उदाहरण या प्रकारात नाही.

त्या मालिकेची लोकप्रियता वाढविण्यात या कथानकाचा वाटा मोठा होता. तरी पुढील काळात कार्ला कथानकाच्या कडेला सरकत गेली, मध्यंतरी मालिकेबाहेर पडली, परतली, आणि १९८५ मध्ये हॉली यांचा मालिकेशी असलेला संबंध संपला. १९९६ मधील आत्मचरित्रात त्यांनी गोऱ्या सहकलावंतांच्या तुलनेत मिळालेल्या वेतनाची आणि वागणुकीची कठोर चिकित्सा केली आहे. स्लेझॅक यांना त्याच मालिकेत चार दशके मिळाली. ती त्यांनी सार्थकी लावली याबद्दल वाद नाही. परंतु स्मृती साठण्यासाठी आधी जागेवर राहू द्यावे लागते, आणि ‘सर्वश्रेष्ठ कोण’ या याद्यांमध्ये हॉली यांचे नाव का सापडत नाही, याचे उत्तर त्यांच्या अभिनयात शोधण्यात अर्थ नाही.

समीक्षेपुढील अडचण याहूनही खोल आहे. त्या वर्षांतील बहुसंख्य भाग आज अस्तित्वातच नाहीत. चित्रफिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात असत. लाइट यांचा १९७९ चा कबुलीजबाब शिल्लक आहे आणि हातोहाती फिरत राहिला आहे. हॉली यांच्या १९६८ मधील कामाविषयी बोलताना मात्र बव्हंशी त्या वेळच्या प्रेक्षकांच्या आठवणींवर विसंबावे लागते. ‘एमी’च्या परीक्षकांनी निदान निवडक भाग पाहिले होते; नंतरच्या समीक्षकाला तेवढीही सोय नाही. अशा स्थितीत श्रेष्ठत्वाच्या याद्या ज्या पुराव्यावर बेतल्या जातात, तो पुरावा काय टिकविण्याच्या लायकीचे आहे याविषयीच्या एका जुन्या निर्णयाचा अवशेष असतो.

२०११ मध्ये ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि २०१२ च्या जानेवारीत ‘वन लाइफ टु लिव्ह’ यांचे ‘एबीसी’ वाहिनीवरील प्रसारण संपले. लूची एक्केचाळीस वर्षे आणि स्लेझॅक जवळजवळ तितकीच वर्षे आपापल्या भूमिकेत होत्या. प्रमुख अभिनेत्रीचा ‘डेटाइम एमी’ एखाद्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला प्रथम मिळाला तो २०२२ मध्ये, ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधील मिशेल मॉर्गन यांना, अमांडा सिंक्लेअर या भूमिकेसाठी. अमांडा ही त्याच मालिकेतील हिलरी या पात्राची जुळी बहीण आहे. हिलरीची भूमिकाही मॉर्गन यांचीच होती. २०१८ मध्ये कराराची बोलणी फिसकटल्यावर तिला मारून टाकण्यात आले. पुढच्या वर्षी मॉर्गन परतल्या, तोच चेहरा घेऊन, पण हिलरीच्या पाच वर्षांतील एकही आठवण नसलेल्या स्त्रीच्या भूमिकेत.